कादिसमधली शुद्ध भाषा

"काय विचारलं रे तिनं?" कासिल्दाने बॅगा खाली ठेवत नवऱ्याला विचारलं.

"स्वागत केलं," लिओन्सिओने ठणकावून सांगितलं. खरं तर त्याला एक अक्षर कळलं नव्हतं.

सकाळी वायादोलिदहून निघालेलं हे जोडपं माद्रिदला गाडी बदलून दुपारी कादिसच्या हॉटेलात पोचलं होतं. लिओन्सिओचं वायादोलिदला बुटांचं दुकान होतं. अख्ख्या देशात शुद्ध स्पॅनिश बोलावं ते आपणच, अशी त्या गावातल्या पुष्कळांची खात्री असते. लिओन्सिओ तर गिऱ्हाइकाच्या पायात बूट चढवता चढवता त्याचं व्याकरणही दुरुस्त करायचा. आणि इथे काउंटरवरची पाल्मा निम्मे शब्द गिळून उरलेले एकमेकांना चिकटवत होती.

"सायेब, अंग्नाक्ली खोलिदिऊ?"

वायादोलिदच्या माणसाने स्पॅनिश ऐकून 'पुन्हा सांगा' म्हणायचं? छे!

"अवश्य," लिओन्सिओ म्हणाला.

"आन् दुपारच्या नक्लांत तुम्चंबी नावघालू न्हवं?"

"निःसंशय!"

खोली झकास होती. कासिल्दाने कपडे कपाटात लावले. लिओन्सिओने पडदे ओढले, बूट पलंगाखाली जोडीने ठेवले आणि तो आडवा झाला. तेवढ्यात खिडकीखालच्या अंगणात खुर्च्या सरकू लागल्या. मग गिटार, मग टाळ्या, मग आरोळ्या. उशी कानावर घेतली तरी आवाज थांबेना. शेवटी तो तावातावाने खाली उतरला. "अरे, निदान बूट तरी घाल!" म्हणत कासिल्दा मागोमाग आली.

अंगण माणसांनी फुललं होतं. त्याला पाहताच पाल्मा ओरडली, "आलं बघा! या सायेब, वर या!" दोघातिघांनी त्याला मोज्यांवरच मंचावर चढवलं.

"स्त्रीपुरुषहो!" लिओन्सिओ कडाडला. "दुपारची विश्रांती हा प्रत्येक सुसंस्कृत मनुष्याचा अधिकार आहे. आपण जे मांडले आहे त्यास गोंगाट म्हणणे हा गोंगाट या शब्दावर अन्याय आहे!"

अंगणात हास्याचा स्फोट झाला.

"हसू नका! आणि शब्दांची शेपटे खाऊ नका! मी वायादोलिदचा आहे!"

"आई गं, हुबेहूब वायादोलिदवाला!" पुढचा म्हातारा डोळे पुसत म्हणाला. "नाकबी तसंच वर धरलंय!"

"हे काय चालले आहे?" लिओन्सिओने पाल्माला विचारलं.

"नकलांची स्पर्धा न्हवं का! तुमीच तर निःसंशय म्हनलात."

लिओन्सिओ मंचावरून उतरायला वळला. पण टाळ्या थांबत नव्हत्या. इतकी वर्षं तो लोकांना भाषा शिकवत आला होता, टाळी एकानेही वाजवली नव्हती. त्याची मान आपोआप ताठ झाली आणि त्याने कमरेत वाकून नमस्कार केला.

"आता बाईंनीबी करावी!" लोकांनी गलका केला. कासिल्दा आधी लाजली. मग नवऱ्याचा चष्मा काढून तिने स्वतःच्या नाकावर चढवला, हनुवटी उचलली आणि समोरच्या बाईचा पाय हातात धरल्यासारखं करून म्हणाली,

"बाई, 'बूट टोचतोय' नव्हे. 'बूट टोचत आहे' असे म्हणा. मग टोचणार नाही."

लोक खुर्च्यांवरून घसरले. पहिला नंबर कासिल्दाला मिळाला, दुसरा लिओन्सिओला. दोघांच्या हातात वाइनची एकेक बाटली आली.

लिओन्सिओचा चेहरा लाल झाला होता. बायकोने इतक्या बारकाईने आपल्याला कधी पाहिलं, हेच त्याला कळेना. चष्म्याशिवाय तो तिच्याकडे डोळे बारीक करून बघत राहिला.

"सायेब, रागावलासा व्हय?" म्हाताऱ्याने हळूच विचारलं.

"रागावू?" लिओन्सिओने छाती फुगवली. "पहिला आणि दुसरा, दोन्ही क्रमांक वायादोलिदचे! आणि आमच्या बाईंचे उच्चार ऐकलेत ना? एक अक्षर गिळले नाही!"