रगड्यावरची टिकली

रगड्यावर लाल टिकली पाहून कमलिनीबाई जागीच थबकल्या. दगडी रगडा त्यांच्या आईचा. लग्नानंतर तंजावरहून वेस्ट मांबलमच्या या घरात तो त्यांच्यासोबत आला होता. आता वाटण मिक्सरवर व्हायचं, पण येताजाता बाईंचा हात त्या दगडावर टेकायचाच.

टिकल्या लावल्या होत्या पुण्याहून आलेल्या सुनेनं, ऋजुतानं. भोगी तोंडावर आली होती, घरातलं जुनं काढायचं होतं; टिकली लागली ते भंगारात. ऋजुता प्रयोगशाळेत पीएसएमडी-४ नावाच्या जनुकावर काम करायची.

"आई, पेशीतही हेच चालतं. नको असलेल्या प्रथिनाला खूण चिकटते. ते मोडायचं एक यंत्र असतं. माझ्या जनुकापासून त्या यंत्राचा एक भाग बनतो, तो खूण ओळखतो. आपला भंगारवाला वेंकट तसाच. टिकली दिसली की उचलणार."

"खूण चुकली तर गे?"

"चुकत नाही."

टिकल्यांचं ते पाकीट बाईंनीच सुनेला दिवाळीत दिलं होतं. त्यातली एकही तिच्या कपाळापर्यंत पोचली नव्हती.

ऋजुता अंघोळीला गेली, तशी बाईंनी रगड्यावरची टिकली नखानं उचकटली. तेवढ्यात कुकरनं शिट्टी मारली. तोंड धुताना टिकली आरशाला चिकटवायची त्यांची जन्माची सवय. तशीच हाताशी येईल तिथं ती चिकटवून त्या आत धावल्या. दारातून वेंकटची हाक आली. "घे, अस्कं घे, सगळं," बाई आतूनच म्हणाल्या.

ऋजुता केस पुसत बाहेर आली. "आई, स्टुलावरचा माझा लॅपटॉप?"

बाईंच्या हातातली पळी तशीच राहिली.

दोघी जिना उतरून धावल्या. स्टेशनच्या वळणावर वेंकटची गाडी सापडली. त्यानं मोडक्या पंख्याखालून लॅपटॉप काढला आणि झाकणावरच्या टिकलीवर बोट ठेवलं.

"पोट्टू आहे की अम्मा! पोट्टू दिसला की विचारू नको, उचल, असं तुमची सूनच बोलली."

"मी नाही लावली ही," ऋजुता म्हणाली आणि सासूकडे बघत राहिली.

बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "रगड्यावरची काढली ती मी. कुठं लावली, मला कळलंच नाही गे."

"मला सांगायचं ना, आई."

"तू यंत्र म्हणालीस, चुकत नाही म्हणालीस. यंत्राशी काय बोलायचं?"

ऋजुता घराकडे वळली. लॅपटॉप छातीशी धरून ती जिना चढू लागली. मधल्या पायरीवर बाई दम खायला थांबल्या.

"पेशीत असं झालं तर?"

"एका खुणेवर ते यंत्र सहसा काही मोडत नाही," ऋजुता हळूच म्हणाली. "निदान चार तरी लागतात, एकीला एक जोडलेल्या. मीच एकीवर भागवलं."

"चार?"

"चार."

घरात येताच बाईंनी लॅपटॉपवरची टिकली काढून रगड्याला पुन्हा लावली. जरा मागं सरून पाहिलं. "एक असू दे. शोभते."

मग टिकल्यांचं पाकीट त्यांनी कनवटीला खोचलं आणि त्या कुकर उघडायला गेल्या.