मोघे-सान चूळ भरत नाहीत

जेवण झालं की आमच्या कावासाकीच्या ऑफिसात सगळे बेसिनपाशी ओळीनं दात घासतात. जपानमधली रीतच आहे ती. त्या ओळीत आमचे मोघे-सान, म्हणजे मोघेराव, एकटेच दाढेवर पेस्टचं बोट दाबून छताकडे बघत उभे असतात. कोणी बोलायला गेलं तर दुसऱ्या हाताचं बोट वर करतात. दोन मिनिटांनी थुंकतात आणि पाण्याचा थेंबही तोंडात न घेता सांगतात, "नसा झोपताहेत. उठवू नका."

थंड लागलं की मोघ्यांच्या दातांत कळ जाते, एवढंच त्यांचं दुखणं. डॉक्टरांनी सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट दिली आणि चूळ खळखळून भरू नका म्हणून बजावलं. तेव्हापासून ते ऑफिसभर उपदेश करत हिंडतात. कुणी जोरात ब्रश चालवताना दिसलं की, "अहो, दात आहेत ते, कुकर नाही."

खरं सांगतो, मला त्यांचा हेवा वाटायचा. मी इथं नऊ वर्षं आहे, जपानीची सगळ्यात अवघड परीक्षा पास झालोय, पण जेवताना माझ्या शेजारची खुर्ची रिकामी. मोघ्यांचं जपानी मोडकंतोडकं, तरी त्यांच्याभोवती ही गर्दी. एकदा तर आमचे विभागप्रमुख ओगावा-सान ब्रश पेन्सिलीसारखा धरून त्यांना विचारत होते, असाच ना? मला ओगावा-साननी आजवर प्रिंटरमधला कागद संपलाय, एवढंच सांगितलंय.

मग मलाही दुखणं लागलं. सगळ्यांदेखत कोल्ड कॉफीचा घोट घेतला, गाल धरला आणि म्हणालो, "शिमिरु." दातांना थंड झोंबलं की जपानी माणूस हेच म्हणतो. ओगावा-साननी मानसुद्धा वर केली नाही. उठून आले ते मोघे. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर पेस्टची ट्यूब, मऊ ब्रश आणि मराठीत चिठ्ठी: 'दिवसातून दोनदा. धीर धरा.' पुढे रोज विचारायचे, "काय, उतार?" धडधाकट दातांनी मी रोज थोडा थोडा बरा होत गेलो.

दोन महिन्यांनी ते म्हणाले, "रविवारी योकोहामाला या. एक काम आहे, तुम्हालाच जमेल."

मला वाटलं, ओगावा-सानही असणार. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. काकिगोरीचं दुकान होतं. काकिगोरी म्हणजे आपला बर्फाचा गोळाच, फक्त वाडग्यात. आत मोघे एकटेच बसले होते.

"अकराला माया येईल. माझी मुलगी, नऊ वर्षांची. आईकडे असते. मला महिन्यातला एक रविवार मिळतो."

मोघ्यांचं लग्न झालं होतं हेही ऑफिसात कुणाला ठाऊक नव्हतं.

"गेल्या उन्हाळ्यात तिनं मला तिच्या वाडग्यातला चमचा भरवला. अशी कळ गेली की माझं तोंड वाकडं झालं. तिला वाटलं, बाबांना नको होता. दात दुखतो गं, म्हणून सांगितलं. तिनं नुसती मान हलवली. तेव्हापासून माझ्यासाठी गरम चहा मागवते. पाहुण्याला मागवावा तसा."

त्यांनी समोरचा काकिगोरीचा वाडगा पुढे ओढला. "मी खातो, तुम्ही चेहरा बघा. दुसऱ्या कुणाला कळायचं नाही. तुम्ही सोसलंय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी चमचा तोंडात घातला. "कळतंय?"

"डाव्या भुवईपाशी. थोडंसं."

त्यांनी पुन्हा खाल्लं. मग पुन्हा. चौथ्या चमच्याला मी म्हणालो, "आता नाही कळत."

माया आली. मला वाकून नमस्कार केला. मी काम आहे म्हणून निघालो, पण बाहेर काचेपाशी रेंगाळलो. तिची काकिगोरी आली, त्यांचा चहा आला. मोघ्यांनी चहा बाजूला सारला आणि तिच्या वाडग्याकडे बोट दाखवलं. तिनं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं, अर्धाच चमचा भरला आणि पुढे केला. त्यांनी खाल्ला. भुवई हलली नाही.

घरी माझी मुलगी रोज माझ्या शेजारी बसून जेवते. तिनं घास पुढे करावा म्हणून मी कधी काहीही केलेलं नाही. मोघ्यांचा इतका हेवा मला कधीच वाटला नव्हता.

आत मायानं आणखी एक चमचा भरला, या वेळी काठोकाठ. मोघ्यांनी बोट दाखवलं नव्हतं.