आप्पा कॅमेरा बघायला जातात

शिरूरच्या दुकानात आप्पांनी कॅमेरा पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा तो आधी तळहातावर तोलला, मग त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि पुढची लेन्स काढायला लावून आत वाकून बघितलं. बाजारात बैलाचा जबडा उघडून दात बघतात, अगदी तसं.

दुकानदार घाबरला. "आप्पा, आत धूळ जाईल."

"जाऊ दे की. धुळीनं मरत आसंल तर आमच्या गावात कसा जगायचा?"

आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला. पुढं वर्ष-दीड वर्ष हा प्रश्न मी कितीतरी दुकानांत ऐकला.

"मोठा केला तर तोंड फुटतं का?"

कुणाचं तोंड, कोण फोडणार, दुकानदाराला काही कळेना. मी मध्ये पडून सांगितलं, की फोटो मोठा केल्यावर चेहरा स्पष्ट राहतो का, त्याचे चौकोन चौकोन तर दिसत नाहीत ना, असं आप्पा विचारतायत.

आप्पा म्हणजे माझे घरमालक. मी शेख, कवठे येमाईच्या हायस्कुलात चित्रकला शिकवायचो आणि आप्पांच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. आप्पांची साठी उलटली होती. एकेकाळी सरपंच होते. पांढरी टोपी, पांढरं धोतर, घरचा ऊस, घरचा कांदा. माझी निवड त्यांनी सल्लागार म्हणून केली, त्याला कारण एकच. "मास्तर, तुम्ही चित्रं काढता, म्हंजी कॅमेऱ्यातलं तुम्हाला कळत आसणार." मी आयुष्यात रोलच्या कॅमेऱ्यापलीकडं कशाला हात लावला नव्हता. पण सांगून उपयोग नव्हता.

तेव्हा रोल मागं पडून डिजिटल कॅमेरे आले होते. खिशात मावणारे लहान कॅमेरेही मिळत. आप्पांना तसला नको होता. त्यांना लेन्स बदलता येणारा, गळ्यात अडकवायचा मोठा हवा होता, ज्याला एसएलआर म्हणतात. आप्पा 'यसेलार' म्हणायचे. त्यातही नवशिक्यांसाठी वेगळे असतात हे कळल्यावर ते प्रत्येक दुकानात पायरी चढता चढताच ओरडायचे, "यसेलार दावा, बिगरीतला! आजून पयलीत गेलो न्हाई आम्ही."

एरवी हा माणूस झटपट निर्णय घेणारा. ट्रॅक्टर एका सकाळी घेतला. मुलाचं लग्न एका कप चहावर ठरवलं. कॅमेऱ्याचं मात्र घोडं पुढं सरकेना. एक फार हलका, "ह्येच्यात जीवच न्हाई." दुसऱ्याच्या पकडीत त्यांची बोटं मावेनात. तिसऱ्याचं बटण दाबल्यावर येणारा आवाज त्यांना पटेना. "शिंकल्यावानी करतंय."

पुण्याच्या एका मोठ्या दुकानात टाय लावलेल्या मुलानं आम्हाला मेगापिक्सेल समजावून सांगितले. "दहा मेगापिक्सेल आहे काका. म्हणजे फोटोत एक कोटी ठिपके."

आप्पांनी जरा विचार केला. "त्यातलं तोंडाला किती येत्यात?"

मुलानं माहितीपत्रक उलटून मागून पुढून बघितलं. त्याच्या कंपनीनं त्याला हे शिकवलेलं नव्हतं.

त्या दिवशी रिकाम्या हातानं घरी आलो तेव्हा काकी, म्हणजे आप्पांच्या मंडळी, वैतागल्या. "आवो, घ्या की एकदाचा! कवापास्नं नुसतं बघताय." आप्पा मळ्याकडं निघून गेले. मीही हसत म्हणालो, "काकी, एवढं काय मोठं करून बघायचंय फोटोत?"

काकी तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

आप्पांचा एकुलता एक मुलगा संतोष मी गावात येण्याआधी वारला होता. शिरूरच्या रस्त्यावर मोटारसायकलला ट्रक लागला. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. एवढं मला ठाऊक होतं. भिंतीवर आप्पांच्या आई-वडिलांचे हार घातलेले फोटो होते, संतोषचा नव्हता, हेही मी बघितलं होतं. विचारायचा धीर झाला नव्हता.

काकी म्हणाल्या, "पोरांनी चौकात फ्लेक्स लावला त्याचा. श्रद्धांजलीचा. घाईघाईत कुणाच्या तरी मोबाईलमधला फोटो घेतला आन् केला मोठा. नाक न्हाई, डोळं न्हाई, नुसतं चौकोन. तेरा दिवस तसाच लटकत व्हता. ह्ये चौकातनं जायाचंच बंद झालं, वड्याकडनं वळसा घालून यायचं."

"लग्नाचा अल्बम असेल ना?"

"हाय की. पण त्यात जिथं संतोष तिथं शेजारी सुरेखा. लोक म्हणलं, तिला कापून काढू. ह्येंनी कापू दिलं न्हाई."

सुरेखा, संतोषची बायको, आतच होती, चुलीपाशी. भाकरी थापल्याचा आवाज येत होता, तो बंद झाला. मग जरा वेळानं परत सुरू झाला.

"तवापास्नं म्हणत्यात, कॅमेरा घीन आन् गावातल्या एकेका पोराचा नीट फोटू काढून त्याच्या आयशीकडं दीन." काकींनी सूप उचललं आणि त्या आत गेल्या.

त्यानंतर मी आप्पांच्या कॅमेऱ्याची थट्टा केली नाही. उलट मीच सुचवलं, की दुकानदारांना विचारण्यापेक्षा वापरणाऱ्याला विचारू. माझी बहीण दौंडला रेल्वे कॉलनीत राहायची. तिच्या शेजारी विलासराव म्हणून रेल्वेतले फिटर होते. पस्तिशीचा माणूस, बायको आजारानं गेलेली, मूलबाळ नाही. त्यांना फोटोंचा नाद होता आणि त्यांच्याकडं असाच बिगरीतला एसएलआर होता.

आम्ही शिरूरहून दौंडची एसटी धरली. विलासरावांनी कसलेही आढेवेढे न घेता कॅमेरा सरळ आप्पांच्या हातात दिला. "घ्या आप्पा, दाबा. बिघडत नाही." आप्पांनी बटण दाबलं, कान लावून ऐकलं, लेन्स काढून आत बघितलं. तेवढ्यात माझी लहान भाची हातात गूळ-पोळी घेऊन आली आणि तिनं तोच चिकट हात लेन्सवर ठेवला. माझी बहीण ओरडली. विलासराव हसले, शर्टाच्या टोकानं लेन्स पुसली आणि पोरीला म्हणाले, "आता तुझा काढू? थांब, तोंड पूस आधी."

परतीच्या एसटीत आप्पा न्हावऱ्यापर्यंत खिडकीबाहेरचा ऊस बघत होते. मग म्हणाले, "पोरीला झिडकारलं न्हाई."

"हो ना, काच मजबूत दिसते," मी म्हणालो.

पुढं आमच्या दौंडच्या खेपा वाढल्या. माझ्या मते कॅमेऱ्याबद्दल विचारण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. पण आप्पांचे प्रश्न संपेनात, आणि ते हळूहळू भलतीकडं जायला लागले. "पडला तर दुरुस्त करून वापरता का टाकून देता?" "घरात दुसऱ्या कुणी हात लावला तर चालतं का?" "जेवणाचं काय करता?"

"आप्पा, जेवणाचा आणि कॅमेऱ्याचा काय संबंध?" मी बाहेर आल्यावर विचारलं.

"आसतो. सगळ्याचा आसतो."

विलासरावांच्या भिंतीवर त्यांच्या बायकोचा मोठा फोटो होता. त्यांनीच काढलेला. आप्पा एकदा त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. "येवढा मोठा केलाय, पर कुठं फुटला न्हाई," ते म्हणाले. विलासराव मागं उभे होते. ते म्हणाले, "आजारी पडायच्या आधीचा आहे, आप्पा. तिला फोटो आवडायचा नाही. माझ्यासाठी बसली."

त्या दिवशी शिरूरच्या स्टँडवर चहा पिताना आप्पा म्हणाले, "मास्तर, विलासरावास्नी इचारा. तुमच्या भयनीकडनं इचारा."

"काय, कॅमेरा विकतात का?"

"न्हाई वो. दुसरं लगीन करायचं मनात हाय का."

मी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"पयल्यांदा कॅमेराच बघाया गेलतो, खोटं कशाला बोलू," आप्पा म्हणाले. "पर ती पोरगी चिकट हात घिऊन आली, आन् मला सुरेखाच दिसाय लागली त्या घरात. सव्वीस वर्साची हाय वो ती. आमी आज हाय, उद्या न्हाई. माझं माणूस गेलं म्हणून तिनं जलमभर भिताडाकडं बघत बसायचं?"

सुरेखाला त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं. मधली भिंत पातळ, त्यामुळं मला ऐकू आलं.

"तुम्हाला जड झाले का मी, आप्पा?"

"जड न्हाईस गं. तू हाईस म्हणून ह्ये घर हाय. पर घर ऱ्हावं म्हणून तुला ठिवायची का?"

ती रडली नाही, ओरडली नाही. नंतर काही दिवस मात्र ती आप्पांशी बोलली नाही. ताट वाढायची आणि निघून जायची. आप्पा निमूट जेवायचे. मग एका सकाळी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं ठेवून म्हणाली, "मी त्येंच्याशी आधी बोलंन. मग सांगंन."

बहिणीकडनं मी निरोप पाठवला आणि विलासराव आले. दोघं अंगणात समोरासमोर बसून बोलले. काय बोलले ते कुणी विचारलं नाही. जाताना सुरेखानं त्यांना चहा दिला आणि आत येऊन काकींच्या खांद्यावर डोकं ठेवलं. एवढ्यावरून आम्ही समजलो.

सुरेखाच्या भावाची हरकत नव्हती. भावकीची होती. चारजण बसायला आले आणि एकानं विचारलं, "आप्पा, पोराच्या बायकूचं कन्यादान करणार तुम्ही?" गावच्या बैठकीत तास तासभर बोलणारा हा माणूस फक्त "व्हय" म्हणाला. ते चौघं चहा न घेता उठले आणि पुढं त्या घरी फिरकले नाहीत.

लग्नाच्या आठवड्यात आप्पांनी कॅमेरा घेतला. शिरूरच्याच दुकानात. तोलला नाही, वाकून बघितलं नाही, काही विचारलंही नाही. "द्या बिगरीतला," म्हणाले. दुकानदार माझ्याकडं बघत राहिला.

लग्न दौंडला, मोजक्या माणसांत झालं. आप्पा आणि काकींनीच कन्यादान केलं. कॅमेरा आप्पांच्या गळ्यात होता, पण त्यांनी एकही फोटो काढला नाही. मी खुणावलं तर म्हणाले, "हात थरथरतोय मास्तर. हललेला फोटू काय कामाचा?"

चार दिवसांनी सुरेखा आणि विलासराव जेवायला आले. ती आता पाहुणी होती, आणि काकींना ते जमेना. त्या तिला पाटावर बसवत आणि ती परत उठून चुलीपाशी जाई. निघायच्या वेळी सुरेखा म्हणाली, "आप्पा, तुमचा दोघांचा एक फोटो काढते. दौंडला लावायला."

आप्पा नको नको म्हणत काकींच्या शेजारी ओट्यावर बसले. टोपी नीट केली. वर्ष-दीड वर्ष दुसऱ्यांचे कॅमेरे बघितले, पण या सगळ्यात स्वतः कॅमेऱ्यासमोर ते पहिल्यांदाच बसत होते. विलासरावांनी सुरेखाला बटण दाखवलं. तिनं कॅमेरा उचलून डोळ्याला लावला. तिचं कपाळ, नाक, सगळा चेहरा त्याच्यामागं गेला.

"आप्पा, इकडं बघा."

आप्पा एकदम अस्वस्थ झाले. "आगं, त्ये बाजूला घे. तू दिसंना झालीस."

तेवढ्यात तिनं बटण दाबलं.

तो फोटो मी नंतर दौंडला तिच्या घरी बघितला. मोठा करून लावलाय, अगदी स्वच्छ आलाय. काकी समोर बघतायत. आप्पा ओट्यावरून अर्धे उठलेत आणि त्यांचा हात पुढं आलाय. ज्याला माहीत नाही त्याला वाटेल, हा म्हातारा कुणाला तरी थांब म्हणतोय.