शेवटच्या पानाशी भांडण

आमचे गजभिये गुरुजी पुस्तकाशी भांडत. मनातल्या मनात नव्हे. मोठ्यानं, बोट नाचवून, समोर अख्खी दुसरी बसलेली असताना. 'ससा म्हणाला' एवढं वाचून ते थांबत. "म्हणाला? कोणी आयकलं?" पुढचा बराच वेळ सशाची उलटतपासणी चाले आणि धडा तिथंच राही.

भीमपूरजवळच्या एका खेड्यात आमची दोन खोल्यांची मराठी शाळा. सरकार तेव्हा आंध्रचं, म्हणून आदेश तेलुगूतून यायचे. मुलं आणि भांडणं मराठीतली. शिकवायला आम्ही दोघंच. मी आदिलाबादच्या नोकरदार घरातली, गुरुजी शेजारच्याच गावचे, बौद्ध वस्तीतले. वडिलांचा जन्म दुसऱ्याच्या शेतात मान खाली घालून गेला, म्हणून की काय, गुरुजींनी ती कुणापुढं खाली घातलीच नाही. निजामाच्या कचेरीतून उरलेला एक शब्द त्यांच्या जिभेवर कायम तयार असे, "नामंजूर!" माझा चहासुद्धा दोनदा नामंजूर झालाय.

शाळेची दुसरी खोली बांधून झाली तेव्हा जिल्ह्याहून तेलुगू साहेब आले. पूजा करा, नारळ फोडा म्हणाले. गुरुजी ताठ उभे. "वद्दु सार." म्हणजे नको. साहेब तापले, मी मधल्या मधे घामाघूम. शेवटी शिपायानं नारळ फोडला, पण वाटप गुरुजींनी आपल्या हातात घेतलं आणि प्रत्येक पोराला बजावलं, "हा परसाद नाही. हे खोबरं हाय. खा." साहेबांच्या हातावरही त्यांनी तसंच तेलुगूत सांगून तुकडा ठेवला. साहेबांनी मुकाट्यानं खाल्ला.

अशा माणसाच्या हाती ते नाताळचं पुस्तक पडलं. बदली झालेली एक नर्सबाई जाताना शाळेला देऊन गेली होती. इंग्रजी, रंगीत चित्रांचं, जादूवर विश्वास ठेवा असं सांगणारं. आता या पुस्तकाची धडगत नाही, हे मी ओळखलं आणि माझा वर्गही घेऊन ऐकायला बसले.

पहिल्याच पानावर बर्फात बुडालेलं गाव होतं. पोरं ओरडली, "कापूस!"

"कापूस नाही. बर्फ हाय," गुरुजी म्हणाले.

"तुमी पाह्यला?" दुसरीतली प्रमिला. सगळ्यात बारकी आणि सगळ्यात आगाऊ.

गुरुजी अडकले. खोटं बोलणं त्यांच्या स्वभावात नाही. "नाही पाह्यला."

"मंग कापूसच. भाव नाही म्हून छतावर ठेवला असन."

हात वर करून मतं घेतली, कापूस मंजूर झाला. त्यामुळं पाठीवर पोतं घेतलेला लाल कोटातला नाताळबाबा आपोआपच कापसाचा व्यापारी ठरला, आणि पोरं त्याच्याकडं संशयानं पाहू लागली. उडणारी हरणं आली तेव्हा गुरुजींना जोर चढला. "पंख कुठं हायत? दाखवा!" पोरांनी पान उलटंपालटं करून शोधले. "नामंजूर!" अख्खा वर्ग गरजला. मी हसून हसून बेजार झाले.

मग शेवटचं पान आलं. ज्या मुलांचा जादूवर खरा भरोसा होता त्यांनाच भेट मिळाली, असं त्यावर लिहिलं होतं. गुरुजींनी ते मराठीत सांगितलं आणि त्यांचा चेहरा लाल झाला. पुस्तक मिटून ते टेबलावर आपटणार, एवढ्यात प्रमिला उठली.

"गुरुजी, म्हून गेला का माहा भाऊ?"

तिचा धाकटा भाऊ त्या पावसाळ्यात तापानं गेला होता.

"भगतानं त्याले गंडा बांधला तवा मी हसली होती. आजी म्हणते, तुहा भरोसा नव्हता, म्हून गेला."

गुरुजी खुर्चीवरून उठले आणि तिच्याजवळ सतरंजीवर जाऊन बसले. "नाही, माय. तापानं गेला तो. तुह्या हसण्यानं नाही." मग हळूच म्हणाले, "माही पोरगीबी तापानंच गेली. तुह्याएवढीच होती. लोकं मले अजून म्हणतात, मास्तर, तुमी मानलं असतं तं वाचली असती. झूट हाय ते. समदं झूट."

इतकी वर्षं आम्ही एका डब्यातलं लोणचं खात होतो. त्यांना मुलगी होती, हे मला ठाऊक नव्हतं. माझे डोळे भरून आले, आणि त्या लोकांचा असा राग आला की एकेकाच्या दारात जाऊन भांडावंसं वाटलं.

गुरुजींनी पुस्तक पुन्हा उघडलं. "आयक. नीट वाचतो आता. म्हातारा समद्यायच्या घरी गेला. मानलं त्यायच्या, आन नाही मानलं त्यायच्याबी."

इंग्रजी मलाही येतं. त्या पानावर असलं काहीही नव्हतं. पण गुरुजी छापील ओळींखालून बोट फिरवत ठासून वाचत होते, आणि मी मान डोलावत होते.

प्रमिला चित्रावर वाकली. "तुमच्या पोरीच्या घरीबी गेला?"

गुरुजींचं बोट घरांवरून सावकाश फिरलं आणि अगदी टोकाच्या लहानशा घरावर थांबलं.

"तिच्या घरी तं पयले गेला," ते म्हणाले.