गर्दीवरून उडवू नये

वाघदरा गावात वीरभद्रअप्पांच्या नव्या कापड दुकानाचं उद्घाटन मुहूर्तावर, थाटामाटात आणि आकाशातून झालं. आकाशातून म्हणजे बजरंगच्या ड्रोनमधून. ड्रोनला खाली परडी बांधली होती आणि परडीत झेंडूच्या पाकळ्या होत्या. फीत कापताच पाकळ्या पडायच्या होत्या, त्या पडल्या. मागोमाग परडी एका बाजूनं सुटली, ड्रोनचा तोल गेला आणि तो साड्या बघायला सगळ्यांत पुढं उभ्या राहिलेल्या कडूबाईच्या डोक्यावर उतरला. पात्यांनी पदर फाडला, डोक्याची कातडी उकलली. टाके घालताना डॉक्टर म्हणाले की जरा खाली लागलं असतं तर डोळाच गेला असता.

कडूबाईची सून वर्षाराणी गावची पोलीस पाटील होती. सासूचं रक्तानं भिजलेलं लुगडं तिनंच धुतलं. गावात काही बेकायदा घडलं की वर कळवायचं, हे तिचं काम. हे घरातच घडल्यामुळं तिनं ते जरा लवकर केलं.

आधी तिनं बजरंगला बोलावून घेतलं. गर्दीवरून ड्रोन उडवायचा नाही, हा नियम त्याला ठाऊक आहे का, असं विचारलं. बजरंग लग्नाच्या शूटिंगा करायचा आणि कायदा मानायचा.

"वहिनी, म्या गर्दीवर न्हाई उडविला," तो शांतपणे म्हणाला. "म्या मोकळ्या जागेवर उडविला. गर्दी खाली आली."

खात्री करावी म्हणून वर्षाराणीनं त्याला गावाबाहेरच्या पडीक रानात नेऊन ड्रोन उडवायला लावला. चार पाती घरघरताच बांधावरून माणसं आली, एसटीची वाट बघणारी माणसं एसटी सोडून आली, आणि माणसं आली म्हणून भजीवाला गाडा घेऊन आला. बजरंगनं ड्रोन पलीकडं नेला, तर गर्दीही पलीकडं सरकली. बजरंगनं ड्रोन बंद केला. त्याला आणखी काही सिद्ध करायची गरजच उरली नव्हती.

वर्षाराणीनं सगळं वर कळवलं. वर, म्हणजे तालुक्याच्या कचेरीत, आसाराम साहेब होते. त्यांनी प्रकरण गांभीर्यानं घेतलं, म्हणजे त्यावर मेळावा घ्यायचं ठरवलं. विषय होता, गर्दीवरून ड्रोन उडवण्याचे धोके. जनजागृती करायची तर जन पाहिजेत, आणि निम्मं गाव तर ऊसतोडीला गेलेलं. मग आजूबाजूच्या गावांत टेम्पो पाठवले. तरी भाषण ऐकायला कोणी चढेना, म्हणून ड्रोन बघायला मिळेल अशी दवंडी दिली. टेम्पो भरले.

मेळाव्याच्या सकाळी साहेबांनी बजरंगला मशीन तयार ठेवायला सांगितलं. उपस्थितीचा फोटो वरून काढलेला असल्याशिवाय मेळावा झाला असं धरलं जात नाही, असं ते म्हणाले.

वर्षाराणीनं विचारलं, "साहेब, ज्या गर्दीवर उडवू नका म्हणून सांगायचं, तिच्यावरच उडवायचा?"

"पाटीलबाई, तो उडवायचा नाही," साहेब म्हणाले. "त्यानं निरीक्षण करायचं आहे."

तरीही तिची काळजी रास्त असल्याचं त्यांनी मान्य केलं आणि सुरक्षेचा उपाय म्हणून ड्रोनला एक कापडी फलक लावायचा आदेश दिला. फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: गर्दीवरून ड्रोन उडवू नये.

साहेबांचं भाषण सुरू झालं आणि ड्रोन वर गेला. फलक वाऱ्यानं फडफडायला लागला तशी वर्षाराणी मंचापुढं बसलेल्या बायकांना हाताला धरून उठवू लागली. बायका चिडल्या. बघायला आलो तर ही बघू देईना, असं त्यांचं म्हणणं होतं. दगडाबाई तर जागा जाईल म्हणून बसूनच राहिली. वर्षाराणीनं तिला बखोटीला धरून ओढलं, दोन शिव्या ऐकल्या आणि मागं नेलं.

तेवढ्यात फलकाचं टोक पात्यात गेलं. घरघर अडखळली. ड्रोन साहेबांच्या खांद्यावर आपटून दगडाबाईच्या मोकळ्या सतरंजीवर पडला. पाती अजून फिरत होती, त्यांनी सतरंजीच्या चिंध्या केल्या. वर्षाराणीनं कुणाला लागलं नाही ना ते एकेकीकडं जाऊन बघितलं. बाकीच्यांनी मोबाइल काढले.

साहेबांचं गळपट्टीचं हाड मोडलं. एक हात गळ्यात अडकवून त्यांनी अहवाल पाठवला. धोका उपस्थितांच्या प्रत्यक्ष निदर्शनास आणून देण्यात आला, असं त्यात म्हटलं होतं. वरिष्ठांना कार्यक्रम पसंत पडला आणि तो जिल्हाभर गावोगाव राबवायचं ठरलं. मनुष्यहानी टळण्यामागं वर्षाराणीचा हात होता, हे मात्र अहवालात नव्हतं. तिच्याबद्दल एवढीच नोंद होती की प्रेक्षकांना अडथळा केल्याची तोंडी तक्रार आली आहे.

घरी कडूबाई डोक्याला पट्टी बांधून मोबाइलवर उद्घाटनाचा व्हिडिओ बघत बसायची. आपल्यावर ड्रोन पडला तेवढं ती पुढं सरकवायची आणि पाकळ्यांखाली उभं राहिल्याचं पुन्हा पुन्हा लावायची.

"वर्षे, म्या लई झ्याक दिसत्ये यात," ती म्हणाली. वर्षाराणी भाकरी थापत राहिली.

पुढं अप्पांच्या शिवानीचं लग्न निघालं. वर्षाराणीनं अप्पांना हात जोडून सांगितलं की ड्रोन नको. अप्पांनी ऐकलं. पण मंडपात पाहुणे माना वर करून बसले, आणि ड्रोन कावून न्हाई, असं पहिल्यांदा विचारलं ते कडूबाईनं. मग एकेक जण विचारू लागला. कंजूषपणाची कुजबुज वरमायपर्यंत गेली आणि अक्षता पडायच्या आत अप्पांनी बजरंगला खूण केली.

शूटिंग उत्तम आलं. सगळ्या मंडपाच्या माना वर, तोंडं हसरी, हात हलताहेत. त्यात एकटी वर्षाराणी खाली बघत माणसांना मागं ढकलत होती. ते बरं दिसेना म्हणून बजरंगनं तेवढा तुकडा कापून टाकला.

तुमच्या घरच्या लग्नाच्या व्हिडिओतूनही असं कोणाला कापलंय का, आठवून बघा. आठवणार नाही. तुम्ही वर बघून हात हलवत होता.