माशांनी दिलेल्या बातम्या

"नव्या डोळ्याने बाबा पहिली गोष्ट अशी बघतील, की डॉक्टरला विसरतील आणि मला आठवतील!" जावईबापूंनी फोनवर बायकोला ठणकावून सांगितलं.

"अहो, काय करताय? काही उघडू-बिघडू नका हं!"

"बघशीलच!" म्हणून त्यांनी फोन ठेवला. बायको वडिलांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्यांना घेऊन थोरल्या बहिणीकडे गेली होती. घरात जावईबापू, हातात स्क्रू-ड्रायव्हर आणि अडवायला कुणी नाही! आणखी काय हवं?

खरं तर ते एका कारखान्यात स्टोअरकीपर. पण सासरे त्यांच्याकडे राहायला आले आणि गॅलरीतून दिवसभर "जावईबापूऽऽ" अशा हाका मारू लागले, तेव्हापासून अख्खी इमारत त्यांना जावईबापूच म्हणायची. सासरे निवृत्त बस कंडक्टर. त्यांची हाक भरल्या बसच्या मागच्या सीटपर्यंत पोचेल अशी असायची.

सासऱ्यांच्या खोलीत एक जुना, लाकडी पेटीचा टीव्ही होता. पडदा कायमचा काळाकुट्ट. त्याच्या डोक्यावर एक रेडिओ. रोज संध्याकाळी खोलीतून बातम्या ऐकू यायच्या, त्या अर्थातच रेडिओवरच्या, असं जावईबापूंनी ठरवून टाकलं होतं. आत डोकावून बघायचे कष्ट कोण घेणार!

तेव्हा त्यांनी रेडिओ अलगद उचलला, पुसला, कपाटावर ठेवला. टीव्हीच्या पोटातलं सगळं काढून भंगारवाल्याला दिलं. पेटीत काच बसवली, सांधे चिकटवले, पाणी भरलं, बुडबुडे सोडायचा पंप लावला आणि लाल-सोनेरी मासे सोडले. दुकानदार म्हणाला होता, चिकटवलेलं नीट वाळू द्या. पण वाळायची वाट बघत बसतील ते जावईबापू कसले!

सासरे घरी आले. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याला उजेड-अंधार तेवढा कळायचा. चाचपडत खुर्चीत बसले आणि म्हणाले, "जावईबापू, टीव्ही लावा हो. बातम्यांची वेळ झाली."

"रेडिओ म्हणायचंय तुम्हाला," जावईबापू हसले.

"रेडिओ? त्याच्यात झुरळं राहतात! कधीचाच बंद आहे तो. टीव्हीचा पडदा गेला, पण आवाज कसा खणखणीत आहे! संध्याकाळी मला तेवढीच सोबत."

बायकोने पेटीतल्या माशांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं आणि त्याला दंडाला धरून स्वयंपाकघरात ओढलं.

"बाबांचा टीव्ही कुठाय?"

"भंगारात."

"जा, आत्ताच्या आत्ता सांगा त्यांना!"

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

"चिडायचं नाही, वाकायचं नाही, आणि डोळ्यांतून पाणी तर अजिबात..." बायको बोलता बोलता थांबली. तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. "अहो, आता हो काय करायचं?"

"तपासणी होईपर्यंत निभावून नेतो," जावईबापू म्हणाले. पण नेहमीचा रुबाब आवाजात नव्हता.

पाचच मिनिटांत जावईबापू माशांच्या पेटीमागे, भिंतीला पाठ लावून उकिडवे बसले होते. एका हातात वर्तमानपत्र, दुसऱ्या हातात आवाज घुमावा म्हणून स्टीलचा रिकामा डबा. "नमस्कार! ठळक बातम्या!" ते डब्यात तोंड घालून म्हणाले.

"आज खरखर फार येतेय," सासरे म्हणाले. पंपाचे बुडबुडे जोरात होते.

एक रस्ता खचला, एका पुलाचं उद्घाटन झालं, कुठल्याशा संघाने सामना जिंकला. जावईबापूंना जरा रंग चढू लागला. आणि तेवढ्यात मानेवर काहीतरी गार पडलं! टप्! टप्! अर्धवट वाळलेला सांधा सुटला होता. आधी थेंब, मग धार. उठावं तर बिंग फुटणार! त्यांनी एका हाताचं बोट सांध्यावर दाबलं, डबा गुडघ्यांत धरला. वर्तमानपत्राचा मांडीवर लगदा झाला. आता वाचायचं काय? डोक्यात एकच गोष्ट होती, तीच तोंडातून बाहेर पडली.

"पाणी! पाणी... उद्या सगळीकडे पाणी बंद! तीन दिवस पाणी येणार नाही! नागरिकांनी भरून ठेवावं! बातम्या संपल्या!"

"अरेच्चा!" म्हणत सासरे उठले आणि थेट गॅलरीत गेले. पुढचं जावईबापूंना ऐकू आलं नाही, कारण सांध्यावर चिकटपट्टी मारून ते बायकोबरोबर खोलीभर पोछा मारत होते.

सकाळी तोंडाला साबण लावून ते नळाखाली वाकले. नळाने एक उचकी दिली आणि गप्प बसला. डोळे चोळत बाहेर येऊन बघतात तो काय! जिन्यात बादल्या, पिंपं, पातेली, कुणाचा तर मुलाच्या आंघोळीचा टबसुद्धा! साऱ्या इमारतीने मिळून गच्चीवरची टाकी कोरडी केली होती. वरच्या मजल्यावरच्या काकू, ज्यांना गुडघ्यामुळे एक पायरी चढताना दोनदा थांबावं लागतं, त्या शेवटची कळशी घेऊन धापा टाकत वर चालल्या होत्या.

"बरं झालं हो वेळेवर कळलं," त्या म्हणाल्या. "तुमच्या सासऱ्यांचे उपकार!"

जावईबापूंनी कळशी त्यांच्या हातून घेतली आणि वर नेऊन दिली. साबण तसाच वाळला होता, त्यामुळे चेहरा ओढला जातोय की शरमेने, हेच कळेना.

संध्याकाळी सगळी इमारत दारात! पाणीखात्यात कुणीतरी विचारून आलं होतं. तिथे असली काही बातमीच नव्हती!

"कुठल्या चॅनेलवर सांगितलं, दाखवा!" शेजारचे शिंपीकाका गरजले आणि तरातरा आत घुसले. बाकीचे त्यांच्या मागोमाग. आत बातम्या चालू होत्या. पेटीत मासे फिरत होते आणि हवामानाचा अंदाज सांगत होते!

"अगंबाई, हे तर मासे!" काकू ओरडल्या.

पेटीमागून जावईबापू हळूहळू उभे राहिले. शर्ट ओला, हातात डबा. धरणीने पोटात घेतलं असतं तर ते आनंदाने गेले असते.

"बाबा," ते म्हणाले, "टीव्ही मीच भंगारात दिला. मला वाटायचं आवाज रेडिओचा येतो. एका घरात राहतो, पण तुम्ही रोज काय ऐकता ते कधी आत येऊन पाहिलं नाही. मला लाज वाटतेय. बाबा, रागवा, मारा, पण रडू नका! डोळा जपा!"

"रडतोय कशाला?" सासरे म्हणाले. "पहिल्या नमस्कारालाच ओळखलं मी, आवाज तुमचा आहे ते."

"ओळखलंत?" शिंपीकाका चमकले. "मग पाण्याचं आम्हाला कशाला सांगितलंत?"

"आवाज ओळखला म्हणूनच सांगितलं! त्या टीव्हीवाल्यांवर विसंबून मी तांब्यासुद्धा भरला नसता. पण म्हटलं, आमचे जावईबापू इतका खटाटोप करून सांगताहेत म्हणजे खरंच असणार. जन्मभर लोकांची तिकिटं तपासली, आता घरच्या माणसाचंही तपासू?"

बायको पदराशी चाळा करत राहिली. जावईबापूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बरं, ते जाऊ द्या," सासरे खुर्ची त्यांच्याकडे वळवत म्हणाले. "उद्या तरी पाणी येणार का? तुम्ही सांगाल ते खरं."

सगळ्यांच्या माना जावईबापूंकडे वळल्या. त्यांनी डबा खाली ठेवला आणि जन्मात पहिल्यांदाच म्हणाले, "बाबा, मला माहीत नाही."