शेंगाचटणीला मंजुरी

नळीत थुंकायचं, एवढंच काम होतं. पण बायकोच्या देखत गंगाधररावांना ते जमेना. शेवटी त्यांनी भिंतीकडे तोंड केलं, नळी भरली, बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली आणि ते वाचनालयात निघून गेले.

नळी लेकीनं, भार्गवीनं पुण्याहून पाठवली होती. लाळेतली जनुकं तपासून कुणाला काय खाल्लेलं मानवतं, हे एक कंपनी कळवणार होती. गंगाधरराव निवृत्त ग्रंथपाल. छापील शब्दापुढं त्यांनी स्वतःचं मत कधी मांडलं नव्हतं. आता धास्ती एकच होती, कडक भाकरीवरची शेंगाचटणी बंद झाली तर?

रिपोर्ट आला. भार्गवीनं तो फोनवर वाचून दाखवला.

"बाबा, तेल, शेंगदाणे, सगळं चालेल तुम्हाला. पण चहा बंद. त्यातलं कॅफिन तुमच्या अंगात रेंगाळतं. झोप उडते."

"यांची झोप?" प्रभाबाई म्हणाल्या. "अगं, उशाशी बँड लावला तरी घोरतात की हे!"

"तुला काय कळतंय? जनुकांतच आहे ते," गंगाधरराव म्हणाले.

चटणीची वाटी मोठी झाली. चहा सुटला. एकदा मोह आवरेना म्हणून ते गावातल्या नवी पेठेत अर्धा कप प्यायले आणि खरोखरच रात्रभर टक्क जागे राहिले. भीतीनं. सकाळी त्यांचा विज्ञानावरचा विश्वास दुप्पट झाला होता. प्रभाबाई मात्र कपामागून कप रिचवत आणि रात्री कुशी बदलत पडत.

मग एका सकाळी भार्गवीचा पुन्हा फोन आला.

"बाबा, कंपनीची मेल आलीय. नाव पुरुषाचं, पण नमुना बाईचा निघालाय म्हणे. काय भानगड आहे?"

गंगाधररावांना आधी स्वतःचाच संशय आला. ते आरशात बघून आले.

"तसं काही दिसत तरी नाही गं," ते म्हणाले.

प्रभाबाईंनी फोनवर हात दाबून धरला.

"अहो, उष्टी नळी कुणी विरजणाशेजारी ठेवतं का? मी ती गरम पाण्यानं धुऊन पालथी घातली. मग आठवलं, ही तर तपासणीची! तोवर दारात कुरिअरवाला. तुमचा पत्ता न्हाई. म्हटलं, दोघं एकाच हातचं खातोय, फरक कितीसा पडणार? मीच थुंकले."

"म्हणजे चहा तुला बंद?"

"आन् चटणी तुमाला चालती का, ते कुणालाच ठाऊक न्हाई."

फोनमधून भार्गवी विचारत होती, "हॅलो? नवी नळी पाठवू का? आईचीही तपासणी करून टाकू."

प्रभाबाईंनी गॅसवर उकळणाऱ्या चहाकडे पाहिलं. गंगाधररावांनी चटणीच्या वाटीकडे पाहिलं. मग घसा साफ करून त्यांनी फोन हातात घेतला.

"नको गं. कंपनीचं बरोबरच असेल. मी पहिल्यापासून आमच्या आईच्या वळणावर गेलोय."

"बाबा, असं नसतं!"

"आमच्यात असतं," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

प्रभाबाई नवऱ्याकडे कौतुकानं बघत चहा गाळू लागल्या. वास दरवळला. गंगाधररावांना आणखी धीर आला. त्यांनी हळूच स्वतःचाही कप पुढं सरकवला.

"अंहं," प्रभाबाईंनी तो बाजूला सारला. "तुम्हाला बंद आहे की!"